शेपूची भाजी

चाकणच्या कंपनीतून चार महिन्यांनी सुट्टी मिळाली, तसा बुद्धरत्न दोन्ही मुलांना घेऊन वॉटर पार्कला आला. भर उन्हात रांगा लावून त्याने आधी पिझ्झा आणला, मग नूडल्स, मग फ्राइज. मुलांनी एकेक घास खाऊन सगळं बाजूला सारलं.

जरा वेळाने बघतो तर दोघं बाकावर डबा उघडून बसलेल्या सफाईवाल्या मावशींपाशी उभी. मावशींनी हसत दोघांच्या हातावर भाकरी आणि शेपूची भाजी ठेवली. मुलं मिटक्या मारत खायला लागली.

"शेपू? तुम्हाला आवडतो?" दमलेल्या बुद्धरत्नला खरंच वाटेना.

"हो. तुम्ही आणि मम्मी शिफ्टला गेलात, की आम्ही शेजारच्या गिरजाआजीकडेच जेवतो ना," नऊ वर्षांची मिनल म्हणाली. "तिची कारल्याची भाजी तर याहून भारी असते."

तो बाकावर बसला. मावशींनी त्याच्यासाठीही भाकरी मोडली आणि मिनलला विचारलं, "काय गं, पप्पांना चालतो का शेपू?"



"माहीत नाही, मावशी. पप्पा जेवतात तेव्हा आम्ही झोपलेलो असतो."