लाल कार्ड

"पंधरा दिवस नळाला पाणी नाही," मृण्मयीताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने त्यांचं मनःस्वास्थ्याचं सरकारी कार्ड पाहिलं. जनुकांत वेडाचा धोका, स्कॅनमध्ये मेंदूचा बाहेरचा थर जरा पातळ, म्हणून कार्ड लाल. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, आज गोळी घेतलीत का?"

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, बावन्न वर्षांत मला साधी झोपेची गोळी लागली नाही! पाणी नाही म्हणतेय मी, पाणी!"

त्याने अर्जावर शेरा मारला: 'चिडचिड वाढली आहे.'

दुसऱ्या दिवशी ताईंनी हिरव्या कार्डवाल्या दिराला धाडलं. त्याने कारकुनाला आईवरून शिव्या घातल्या, खुर्ची फेकली.

संध्याकाळी नळ आला. दिराच्या अर्जावर शेरा होता: 'तक्रार रास्त.'