महकम्याची नवी पाटी

छावणीतल्या कचेरीबाहेर बन्सी रंगारी शिडीवर चढून पाटीवरचं जुनं नाव खरवडत होता. आबेदा खाली उभी राहून बघत होती.

"का पुसता हो?" तिनं विचारलं.

"हैदराबादहून हुकूम आलाय. फौजी महकमा नाय आता. लष्करी कामकाज खातं म्हणायचं."

आबेदानं शेजारीण द्वारकाबाईचा हात घट्ट धरला. दोघी हर्सूलहून चालत आल्या होत्या.

आबेदाचा नवरा नूरमोहम्मद निजामाच्या फौजेत शिपाई होता. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत छावणीतून गेला, तो पुन्हा तिथं कोणाला दिसला नाही. वर्ष होत आलं. आबेदा वाळून काटकी झाली होती. तिची लेकरं द्वारकाबाईच्या चुलीवर जेवत होती.

आत नवे साहेब होते, नानासाहेब. माणूस रागीट नव्हता. नुसता थकलेला होता.

"बाई, तो महकमाच मोडला. त्याच्या शिपायांचं काम आमच्याकडे येत नाही."

"पण साहेब, आधीचे लोक शोधायचे तरी. दोनदा घरी आले, कणग्यासुद्धा उलथ्या केल्या."

"ते शोधपथकही मोडलं."

"मग आता कोण शोधंल त्यांना?"

"कोणी नाही."

"पोलीस?"

"पोलिसांना काय पडलंय? फौजेतून पळालेल्यांना शोधायचं काम जुन्या महकम्याचं होतं. ते संपलं." नानासाहेबांनी नजर खाली वळवली. "तुम्ही आता आशा सोडा."

"कायमचं संपलं, साहेब?"

"कायमचं."

आबेदा मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. नानासाहेबांनी पाणी मागवलं. ती पेल्याला हात लावीना. शेवटी द्वारकाबाईनंच तिला दंडाला धरून उठवलं.

"चल माय. लेकरं वाट बघत असतील."

परतीच्या वाटेवर शहराचा दिल्ली दरवाजा मागं पडला, तरी आबेदाचे डोळे वाहतच होते. समोरून कोणी आलं, की ती पदर पुढं ओढून घेई.

हर्सूलला पोचल्यावर द्वारकाबाईनं तिला थेट आपल्या गोठ्यात नेलं. दार आतून लावलं. मग कोपऱ्यातल्या कडब्याच्या पेंढ्या ती भराभर बाजूला ओढायला लागली.

"नूरभाऊ," ती म्हणाली, "या बाहेर. तुमचा महकमाच राहिला नाय."