अर्थ चुकला

तलाठी भरतीच्या पेपरात इंग्रजी वाक्प्रचार येतात, म्हणून लुंबिनी रोज सकाळी एक पाठ करायची आणि तोच बापालाही शिकवायची. दिवसभरात तो कुठंतरी वापरायचाच, असा तिचा दंडक. बिलोलीच्या स्टँडवर ऑटो चालवता चालवता व्यंकटरावांनी कितीतरी वापरले, निम्मे भलत्याच जागी. एकदा दूध उतू गेलं तेव्हा ते ऐटीत ‘पीस ऑफ केक’, म्हणजे अगदी सोपं काम, असं म्हणाले. लुंबिनी पोट धरून हसली, पण सोडलं नाही. "न्हाई बाबा, अर्थ चुकला. परत सांगा."

आज नांदेडच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर तिच्या खाटेपाशी आले, रिपोर्ट पाहिले आणि आईबापाला कळू नये म्हणून हाताखालच्या डॉक्टरला इंग्रजीत हळूच म्हणाले, "वी आर फायटिंग अ लूझिंग बॅटल." मग ते पुढच्या खाटेकडं गेले. लुंबिनी डोळे मिटून पडली होती.

हा वाक्प्रचार व्यंकटरावांचा मागच्याच महिन्यात झाला होता. हार ठरलेली असताना लढायची लढाई.

"काय म्हनले हो डाक्टर?" पार्वतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

व्यंकटरावांनी लेकीची चादर सारखी केली. "म्हनले, पोरगी लई जिगरीनं लढायलीय. जिंकनार हाय."

लुंबिनीनं डोळे उघडले. चुकलेला अर्थ तिनं बापाला आजवर एकदाही खपवू दिला नव्हता. तिनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं.

"बरोबर हाय, बाबा," ती म्हणाली.