पहिलं कुलूप

इंटरनेटवर कुणीतरी लिहून खुला ठेवलेला सॉफ्टवेअरचा कोड साहेबांनी उचलून आपल्या कंपनीच्या डिजिटल कुलपांत घातला. खुशाल विका, पण माझं नाव ठेवा आणि गिऱ्हाइकालाही कोड द्या, एवढीच लिहिणाऱ्याची अट होती. साहेबांनी नाव खोडलं, 'आमचा शोध' म्हणून मिरवलं आणि पहिलं कुलूप कौतुकानं स्वतःच्या घराला लावलं.

आज प्रोग्रामर धावत केबिनमध्ये आली. "साहेब, त्या कोडमध्ये खोट निघालीय. कुणीही बाहेरून कुलूप उघडू शकतं. लिहिणाऱ्यानं जगजाहीर केलंय. गिऱ्हाइकांना कळवू या?"

"म्हणजे चोरी आपल्याच तोंडानं कबूल करायची? अळीमिळी गुपचिळी!" साहेब खेकसले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.


"बाबा, आज लवकर आलात? खाली दार उघडल्याचा आवाज आला."