चौदावा ‘अरे’

अकरावा ‘अरे’ पडला तेव्हा होडी खडकांच्या कमानीखालून चालली होती.

“अरे, ही अजून पडली नाही?” बायको होडीवाल्याला विचारत होती. काळी कमान समुद्रात पाय रोवून उभी होती, खालचं पाणी हिरवंगार होतं. डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मोजत होते.

डॉक्टर दातांचे. चार दिवसांच्या सुट्टीवर आलेले, आजचा अख्खा दिवस बेटाच्या किनाऱ्याने निवांत भटकायचं ठरवून निघालेले. पण सकाळी धक्क्यावर हा होडीवाला बायकोकडे बघून म्हणाला, “अगं पेन्सिल, तू?” आणि निवांतपणा संपला. तिचे वडील कधीकाळी या बेटावर मास्तर होते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पेन्सिल ठाऊक नव्हती. ती आता पेन्सिल राहिलीही नव्हती, तरी हाकेला ओ मात्र तिने लगेच दिली.

होडीवाला सारखा हसत होता. सवयीने डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले. बत्तीसच्या बत्तीस शाबूत, एकालाही कीड नाही. त्याचाही त्यांना राग आला.

कमानीपलीकडे ते खडकांवर उतरले. ओहोटी होती. खळग्याखळग्यांत पाणी साचलं होतं आणि तळाशी इवले खेकडे तिरके पळत होते. बायकोने चपला हातात घेतल्या आणि ती सरळ चालू लागली. डॉक्टर नव्या बुटांत घसरत मागून निघाले.

“अहो, जपून. शेवाळं आहे,” तिने मागे वळून सांगितलं आणि लगेच पुढे तोंड करून, “अरे, ते फवाऱ्याचं भोक कुठाय?”

बारावा.

डॉक्टरांनी तिला गाठलं. “त्याला बरं अरे-तुरे करतेस.”

“मग काय करू? माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. माझी खोडरबरं खायचा.”

“मला नाही कधी म्हणालीस.”

ती हसली. “तुम्हाला कसं म्हणणार? तोंडातून निघतच नाही.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं, तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. भल्याभल्यांच्या हट्टी दाढा काढणाऱ्या डॉक्टरांना चोवीस वर्षांत तिच्या तोंडून तेवढा एक शब्द काही काढता आला नव्हता. त्यांना अरे म्हणणारी आई होती, ती तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते सगळ्यांचे अहो आणि डॉक्टर.

खडकातलं भोक सापडलं. लाट खालून घुसली की त्यातून दोन पुरुष उंच फवारा उडायचा. होडीवाला आणि बायको लांबच्या एका सपाट दगडावर टेकले.

“डॉक्टर, तिथूनच बघा,” होडीवाला म्हणाला. “कडेला जाऊ नका. सहा लहान येतात आणि सातवी मोठी.”

त्याने सांगितलं म्हणूनच डॉक्टर कडेला गेले. पाठीमागे दोघं कसल्याशा आठवणीवर हसत होती. मास्तरांची टोपी, घंटा, असं काहीबाही कानावर येत होतं. “अरे, ती तूच लपवली होतीस?” तेरावा. डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते आणखी एक पाऊल पुढे सरकले आणि समुद्र अतिशय आवडल्यासारखं तोंड करून उभे राहिले.

पाणी मागे ओढलं गेलं. पायाखालचा खडक खाली खोलवर उघडा पडला.

“अरे, मागे हो! वेडा आहेस का, मागे हो!”

डॉक्टरांनी आधी होडीवाल्याकडे पाहिलं. हा आता कुठे कडमडला, असं त्यांना वाटलं. तो तर दगडावरून नुकता उठत होता, हातात पाण्याची बाटली घेऊन. आणि अनवाणी धावत येणारी बायको त्यांच्याकडे बघत होती.

तेवढ्यात लाट आली. गुडघ्यांपर्यंत पाणी उसळलं, तोंडावर तुषारांचा सपकारा बसून चष्मा नाकावरून एका कानावर आला. तिने त्यांना शर्टाला धरून खसकन मागे ओढलं.

“अहो, लागलं का कुठे? सांगितलेलं ऐकायचंच नाही का?”

“काय म्हणालीस?”

“लागलं का, म्हटलं.”

“त्याच्या आधी.”

“आधी काय? ओरडले असेन. जीव जायची वेळ आली माझा. तेव्हा काय तोंडातून जातं, कळतं का माणसाला?” तिने त्यांचा चष्मा पदराने पुसला, नाकावर नीट बसवला. “उभे राहा इथे. हलू नका. टॉवेल आणते.”

ती होडीकडे निघाली. “अरे, ती पिशवी दे रे,” असं ती होडीवाल्याला म्हणाली. तो अरे डॉक्टरांनी मोजला नाही.

ते बुटांतलं पाणी निथळू देत उभे होते. समोर लाटा येत होत्या. एक, दोन, तीन. लहानच होत्या. चार, पाच. बायको पिशवीत टॉवेल शोधत होती, तिची पाठ इकडे होती. सहा.

डॉक्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते पुन्हा कडेकडे चालू लागले.