बर्फाखालचे दिवे

पाहुणीच्या ताटात डबाबंद मासे वाढताना निविआक आजीची मान खाली गेली.

"माफ करा बाई," ती म्हणाली. मंजिरी दातारच्या कानातल्या यंत्राने ते मराठीत सांगितलं. "पाहुण्याला आमच्या खाडीतलाच मासा वाढायची रीत आहे. पण आता जाळ्यात काही येतच नाही. आमचंच काही चुकलं असेल."

मंजिरीचा घास हातातच राहिला. ध्रुवीय बर्फाखाली दिवे टांगून भर हिवाळ्यातही शेवाळ वाढवायचं, ही कल्पना तिचीच. ते शेवाळ मेलं की कार्बन घेऊन तळाशी बुडायचं. जगाचा उकाडा त्यामुळे जरा कमी झाला होता आणि म्हणून आज गावात तिचा सत्कार होता. पण तळाशी कुजणारं तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू संपवत होतं. हे तिला महिन्यापूर्वीच कळलं होतं. सत्कार होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं होतं.

"आजी, तुमचं काही चुकलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "मासे माझ्या दिव्यांमुळे गुदमरून मेले."

आजी तिच्याकडे बघत राहिली. "हे माहीत असून जेवायला बसलात?"

मंजिरीने ताट बाजूला सारलं.

"मला एकटीला नका सांगू," आजी उठत म्हणाली. "चला."

सत्काराच्या सभागृहात मंजिरी शिरताच सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिने हात वर करून त्या थांबवल्या. मान मात्र तिला वर करता आली नाही.