डाव्या हाताचा कफ

मनगटरावांनी नवं घड्याळ घेतलं, की मास्टरांचे सहा शर्ट ठरलेले. घड्याळ जाड असलं तर आठ, कारण जाड घड्याळाचा माणूस जुन्या कफात मावत नाही. त्यामुळे जगात घड्याळं जाड होत चालली आहेत, ही बातमी शहरात कुणाला गोड लागली असेल तर ती शर्ट शिवणाऱ्या मास्टरांना.

मनगटराव हे अर्थात खरं नाव नव्हे. ते मास्टरांच्या बायकोने ठेवलेलं. दुकानात आधी डावं मनगट शिरायचं आणि मागून बाकीचे साहेब.

"मास्टर, हे बघा. पाण्याखाली दोनशे मीटर चालतं."

"तुम्हाला पोहता येतं का हो साहेब?" बायकोने काजं करता करता विचारलं.

"वहिनी, घड्याळाला येतंय ना? मग झालं."

मास्टर मात्र अशा वेळी हसत नसत. घड्याळासकट मनगटाचं माप घेत आणि डाव्या कफात अर्धं बोट जास्त ठेवत. हात खाली असला की घड्याळ झाकलेलं, हस्तांदोलनाला हात उठला की तबकडी अलगद बाहेर. "घड्याळ दाखवायचं नसतं साहेब, दिसू द्यायचं असतं," ते म्हणत. ही विद्या शहरात आपल्याशिवाय कुणाकडे नाही, याचा त्यांना केवढा अभिमान!

महिन्या-दोन महिन्यांनी मनगटावर नवीन काहीतरी असायचं. कधी हिरव्या तबकडीचं, कधी चंद्राच्या कला दाखवणारं, कधी बिस्किटासारखं पातळ. जुन्याचं काय झालं, असं विचारलं तर मनगटराव हसून म्हणत, "गेलं एका शौकिनाकडे." भावात घासाघीस नाही, उधारी नाही. शर्ट न्यायला मात्र त्यांना सवड नसे. गठ्ठा पोचवायला बायको जायची.

ट्रायलला आलेले वकील, डॉक्टर, इमारती बांधणारे कंत्राटदार ते मनगट बघत राहायचे. मनगटराव नसले, तर मास्टरच सुरू व्हायचे. "आमचे गिऱ्हाईक आहेत. हिरवी तबकडी बघितलीत ना? वर्षाला मोजकीच निघतात. सोन्याचा भाव एकवेळ पडेल, याचा नाही पडणार." मनगटरावांचीच वाक्यं, पण मास्टरांच्या तोंडी ती जास्त शोभत.

"कुठे मिळतं हे?" वकिलांनी विचारलं.

पत्ता बायको सांगायची. "आमच्या दुकानाचं नाव सांगा बरं का. नीट दाखवतील."

बाईलाही दुकानाचा अभिमान वाटतो, हे बघून मास्टरांचा ऊर भरून यायचा. शिवाय वकील घड्याळ घेऊन रुंद कफासाठी परत आले, म्हणजे आणखी सहा शर्ट.

दुकानाशेजारची खोली रिकामी झाली होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. नंतर ती चपलांच्या दुकानाला जाणार होती. अनामतीचे पैसे मास्टरांनी पोटाला चिमटा काढून जमवलेले. खोली मिळाली तर दुकान वाढणार, नाहीतर जन्मभर याच बोळात टेप ओढायची.

आणि नेमकं तेव्हाच मनगटराव म्हणाले, "मास्टर, साऱ्या गावाचे कफ शिवता. तुमचं मनगट उघडं ते उघडंच!"

"आम्ही गरीब माणसं, साहेब."

"गरीब कसले? कलावंत आहात. खोल्या काय, पुन्हा रिकाम्या होतील. हे घड्याळ पुन्हा निघणार नाही."

मास्टर त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

"खोलीत चार मशिनं बसतील," बायको म्हणाली. "घड्याळात काय बसणार आहे?"

"तुला नाही कळायचं. माणसाची किंमत मनगटावरून ठरते."

"ठरलंच आहे म्हणा की तुमचं." तिने दातांनी दोरा तोडला. "बरं, घ्या. पण त्याच दुकानातून घ्या. भलतीकडे जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी मास्टर नवा शर्ट घालून शोरूममध्ये शिरले. डाव्या कफात अर्धं बोट जास्त. काचेवर बोट ठेवून त्यांनी हिरव्या तबकडीचं मागितलं. काउंटरवरच्या मुलीने अदबीने विचारलं, "कुणी पाठवलं साहेब?" मास्टरांनी मान ताठ करून स्वतःच्याच दुकानाचं नाव सांगितलं. मुलीने ते टिपून घेतलं. पैसे त्यांनी दोनदा मोजून दिले आणि घड्याळ तिथेच मनगटावर चढवलं. परतीच्या वाटेवर चार ओळखीच्यांना त्यांनी विनाकारण हात केला.

दुकानाजवळ आल्यावर मात्र त्यांनी कफ घड्याळावर ओढून घेतला. बायकोला तोंड कसं दाखवायचं?

शेजारच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत बायको टेपने भिंत मोजत होती.

"अगं, इथे काय करतेस?"

"आपली आहे आता. अनामत मघाशीच भरली."

"कशाने? पैसे तर मी..."

"तुमचे नव्हेत हो. मनगटरावांच्या दुकानाचे." तिने टेप गुंडाळली. "तिथेच विक्रेते म्हणून नोकरीला आहेत ते. पहिला गठ्ठा पोचवायला गेले, तेव्हाच काउंटरमागे दिसले. घड्याळं दुकानाची, शर्टांचं बिलही दुकानाचं. म्हटलं, जाहिरात आमची आणि आम्हाला काहीच नाही? तेव्हापासून आपलं नाव सांगेल त्या प्रत्येक गिऱ्हाईकामागे कमिशन घेते मी."

वकील, डॉक्टर, कंत्राटदार; एकेक चेहरा मास्टरांच्या डोळ्यांपुढून गेला.

"खोलीची अनामत त्या सगळ्यांनी मिळून भरली," बायको म्हणाली. "आणि या भिंतीला नवं मशीन येतंय, त्याची आगाऊ रक्कम आज आलेल्या गिऱ्हाईकाची. आत्ताच मनगटरावांचा फोन आला होता."

"आज कोण आलं होतं?" मास्टरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा डावा हात खिशात गेला.